उंड्रेडालला (नॉर्वे) आई-बाबांना न्यावं का? शेळ्या, चीज आणि माळकरी आई

बाळेकर

राम राम मंडळी. मी सोलापूरचा, बाळ्याचा. सध्या नोकरीनिमित्त बर्गनला. जुलैत आई-बाबा पहिल्यांदाच येतायत. जो भेटतो तो फ्लोमची रेल्वे आणि फ्योर्डमधली (डोंगरांत आत शिरलेला समुद्राचा अरुंद फाटा) बोट एवढंच सांगतो. अडचण बाबांची आहे. नुसता निसर्ग बघायचा त्यांना कंटाळा. महाबळेश्वरला पॉइंटवर "बघितलं, चला" म्हणून आमच्या आधी गाडीत जाऊन बसले होते. मोहोळ तालुक्यात आमचं थोडं रान आहे, तिथं ते अजून उस्मानाबादी शेरडं राखतात. बोलायचं तर शेरडांवर, नाहीतर गप्प.

ऑफिसातल्या एका बाईंनी सांगितलं की फ्लोमजवळ उंड्रेडाल म्हणून बारकंसं गाव आहे, माणसांपेक्षा शेळ्या जास्त, आणि तिथलं शेळीच्या दुधाचं चीज नावाजलेलं. म्हटलं इथं विचारावं. वाकडी वाट करून जाण्यासारखं आहे का? बाबांचे गुडघे दुखतात, चढउतार किती? आई माळकरी, अंडंसुद्धा चालत नाही, तिनं खायचं काय? मुक्काम करावा की बघून परत फिरावं? कुणी स्वतः गेलेलं असेल तर जरा सविस्तर सांगा.

सातरस्ता

एवढी विमानं बदलून शेवटी शेरडंच बघायची, तर रविवारी सांगोल्याच्या बाजाराला घेऊन जा की बाबांना. चहा-भजी पण मिळतात.

(गंमत केली. फोटो टाका आल्यावर.)

शेरडंवाले अण्णा

सातरस्ता, तुमची गंमत चालू द्या.

बाळेकर, न्या. पण निसर्ग बघायला म्हणून नको, शेरडं बघायला म्हणूनच न्या. तुमच्या बाबांचं आणि माझं जमेल असं दिसतंय.

मी जिल्हा परिषदेत पशुधन पर्यवेक्षक होतो. सांगोला, मंगळवेढा, शेवटी माढा. लसीकरण, जंताचं औषध, अडलेली शेळी सोडवणं, यातच नोकरी गेली. लेक बर्गनला असल्यामुळं उन्हाळ्यात आम्हा दोघांचं तिकडं जाणं होतं. जावयानं आधी फ्लोमच दाखवलं. रेल्वे उत्तम आहे, त्यात वाद नाही. वरच्या टोकाचं मिरडाल स्टेशन समुद्रसपाटीपासून 866 मीटरवर, फ्लोम थेट पाण्याला लागून, आणि मधलं अंतर जेमतेम 20 किलोमीटर. मुंबईला जाताना आपण बोरघाट चढतो-उतरतो, तिथला चढ 37 ला 1, म्हणजे 37 मीटर गेलं की 1 मीटर वर. इथं 18 ला 1, तोही साध्या रुळांवर, दात्यांची पट्टी वगैरे काही नाही. वाटेत 20 बोगदे, त्यातले बरेचसे हातानं फोडलेले. एका धबधब्यापाशी गाडी थांबवतात आणि कड्यावर एक बाई गाण्यावर नाचते. आमच्या हिनं विचारलं, "हिला थंडी वाजत नसेल का हो?" एवढंच लक्षात राहिलं. खाली फ्लोमच्या धक्क्याला क्रूझची मोठी बोट लागलेली असली की हजारो माणसं एकदम उतरतात, मग ते गाव राहत नाही.

उंड्रेडाल त्याच आउरलान्ड फ्योर्डच्या काठाला, फ्लोमच्या उत्तरेला. दोन्हीकडं उभे कडे, मधे अरुंद दरी, दरीतनं ओढा, आणि ओढा फ्योर्डला मिळतो तिथं गाव. 1988 पर्यंत गाडीरस्ताच नव्हता. किराणा, डॉक्टर, वऱ्हाड, सगळं बोटीनं. आता ई-16 या मोठ्या रस्त्यावर गुडवांगा आणि फ्लेन्या या दोन बोगद्यांच्या मधे जो उघडा तुकडा आहे, तिथनं फाटा फुटतो. गुडवांगाचा बोगदा 11 किलोमीटरच्या वर, फ्लेन्याचा 5 चा. एका अंधारातनं बाहेर येऊन दुसऱ्यात शिरायच्या आत वळायचं आहे, जावयाला सांगून ठेवलं होतं तरी तो पुढं गेलाच. फाट्यावरनं दरीनं उतरत सहा-सात किलोमीटर.

शंभरेक माणसं आणि पाचशे शेळ्या असं तिकडचे लोक सांगतात. शेळ्या मी मोजल्या नाहीत, पण रस्त्यावर माणूस शोधावा लागतो हे खरं. एक लाकडी चर्च आहे, बाराव्या शतकातलं. आत 40 माणसांची जागा. बाहेरून पांढरा रंग दिलाय, त्यामुळं लांबून जुनं वाटत नाही, आत गेल्यावर खांब आणि रंगवलेलं छत दिसलं की वय कळतं. आईला आवडेल. बाबा पाच मिनिटांत बाहेर येतील.

आता मुद्द्याचं.

आपल्याकडं नोकरीभर मी एकच वाक्य ऐकलं: बकरी रान खाते. पाणलोटाचं काम गावात आलं की पहिली बंदी कुऱ्हाडीला आणि दुसरी चराईला. धनगरवाड्यावर जाऊन "शेरडं बांधून घाला" हे सांगायचं काम आमच्याकडं असायचं आणि शिव्याही आम्हीच खायचो. तिकडं उलटं. शेळ्या कमी झाल्या तर डोंगरउतारावर बर्च आणि झुडपं माजतात, कुरणं बुजतात, जुन्या पायवाटा बुजतात. शेजारचा नेरॉयफ्योर्ड 2005 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. पर्यटक ज्या मोकळ्या हिरव्या उतारांचे फोटो काढतात ते उतार आपोआप मोकळे राहिलेले नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या शेळ्या-मेंढ्यांनी खाऊन मोकळे ठेवलेत. म्हणून तिथलं सरकार चरणाऱ्या जनावरामागं अनुदान देतं. शेळीनं झुडूप खावं म्हणून पैसे! मी लेकीला पुन्हा पुन्हा विचारलं, तुझी काही गडबड होत नाही ना. नाही म्हणाली.

आपले अधिकारी चुकीचे आणि त्यांचे बरोबर असं मात्र म्हणू नका. आपल्याकडं वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही चार-दोन झडीत, मग पुढं आठ महिने कोरडं. शेळीनं कोंब खाल्ला की तो परत फुटायला पाणीच नसतं. तिकडं उन्हाळाभर ओल असते, दिवस अठरा-एकोणीस तासांचा, खाल्लेलं पंधरवड्यात परत वर येतं. शेळी तीच, तोंड तेच. जमिनीखाली ओल आहे की नाही यावर ती गुन्हेगार ठरते की पगारी नोकर.

तुमचे बाबा एक गोष्ट नक्की विचारतील, म्हणून आधीच सांगतो. जुलैत गावात शेळ्या कमी दिसतील. जूनमध्ये त्यांना वर डोंगरातल्या उन्हाळी गोठ्यावर नेतात, त्याला स्टोल म्हणतात. तिथंच चराई, तिथंच धार, काही ठिकाणी तिथंच चीज. थंडी पडायला लागली की खाली. ही पद्धत नॉर्वे-स्वीडनमध्ये फार जुनी, 2024 मध्ये युनेस्कोनं तिची अमूर्त वारशात नोंद केली. तेव्हा आधी फोन करून "शेळ्या आत्ता कुठं आहेत" हे विचारा, नाहीतर बाबा एवढ्या लांब येऊन चर्च बघून परत जातील.

हिवाळ्यात गोठा बंद. खाली फटी असलेली लाकडी किंवा जाळीची जमीन, लेंड्या खाली पडतात, शेळी कोरडी. खायला मुरघास, म्हणजे हवाबंद करून आंबवलेला हिरवा चारा. शेतात ते पांढऱ्या प्लास्टिकचे मोठे गोळे दिसतील, तो मुरघासच आहे. माढ्याला मी लोकांना मुरघासाच्या पिशव्या भरा म्हणून सांगून सांगून दमलो, इथं बांधाबांधावर पडलेला.

शेळ्या बघायला गेलात तर कास बघा. त्यांची दुधाची जात आहे, दिवसाला अडीच-तीन लिटर सहज. पांढऱ्या, करड्या, तपकिरी, सगळ्या रंगाच्या एकाच कळपात, अंगानं आपल्या उस्मानाबादीपेक्षा झुबकेदार. आपली उस्मानाबादी मटणाची जात. करडं पाजून उरलं तर अर्धा-एक लिटर, आणि तेवढ्यावर आपण खूश. पण बोकडाचा हिशेब ऐकला तर बाबांच्या पोटात कालवेल. तिकडं शेळीचं मटण खाणारे फार थोडे, म्हणून नर करडं वाढवणं परवडत नाही आणि बरीचशी जन्मल्यावर लगेच मारतात. आपल्याकडं बकरी ईद आणि आखाड या दोन गोष्टींवर घराचं वर्ष निघतं, तिकडं तोच बोकड खर्च म्हणून वहीत. हे मला पटलं नाही, अजून पटत नाही. अलीकडं करडाचं मटण विकायचे प्रयत्न चालू आहेत म्हणे, चांगली गोष्ट आहे.

आणि सगळ्यात हेवा वाटला तो सुट्टीचा. शेतकरी आजारी पडला किंवा चार दिवस कुठं जायचं म्हटलं तर धारा काढायला बदली माणूस ठेवतात आणि त्याच्या खर्चाला अनुदान मिळतं. जुलैत बाबा तिकडं आले की मोहोळची शेरडं कोण बघणार, यावर तुमच्या घरात आत्तापासून बोलणी चालू असतील. खरं की नाही?

विजापूररोड ते वॉस

अण्णांनी शेळ्यांचं सगळं सांगितलंय, मी बाकीचं सांगते. आम्ही बर्गन आणि फ्लोमच्या मधे वॉसला राहतो, पाहुणे आले की हीच फेरी असते.

गाडी भाड्यानं घ्या. बर्गनहून दीडशेच्या वर किलोमीटर, पण वेग 80 च्या पुढं नाही आणि बोगद्यात कॅमेरे, त्यामुळं अडीच-तीन तास धरा. लांब बोगद्याचा त्रास होत असेल तर आईंना आधी सांगून ठेवा, माझ्या सासूबाईंनी गुडवांगात अख्खं रामरक्षा म्हटलं होतं. गावातल्या बसवर भिस्त ठेवू नका, मोजक्याच असतात. फ्लोमहून टॅक्सी करायची म्हणाल तर बाबांना आकडा सांगू नका. क्रोनचे (तिथलं चलन) रुपये किती होतात ते एकदा बघा आणि मग गुणाकार करायचं बंद करा, नाहीतर ते पाण्याची बाटलीसुद्धा घेऊ देणार नाहीत.

गुडघ्यांचं म्हणाल तर धक्क्याच्या आसपास ठीक, वरच्या अंगाला चढ आहे. गाडी खालपर्यंत जाते, काळजी नको. जाता-येता फ्लोम आणि आउरलान्डच्या मधे ओटर्नेस आहे, 27 जुन्या लाकडी घरांची वाडी. बाबांना जुनं गोठाघर, धान्याचं कोठार वगैरे बघायला आवडत असेल तर तिथं थांबा. स्टेगास्टाइनचा देखावा बघायचा सज्जा फ्योर्डच्या 650 मीटर वर आहे, रस्ता अरुंद आणि वळणावळणाचा. बाबा "बघितलं, चला" म्हणणारे असतील तर तो गाळा.

मुक्काम कराच. शेवटची बोट गेल्यावर गाव वेगळं असतं. खोल्या मात्र फार कमी, आत्ताच बघा. रात्री अंधार असा पडतच नाही, सूर्य साडेदहा-अकराला जातो आणि उजेड रेंगाळतच राहतो. आई हरिपाठ तिन्हीसांजेला म्हणत असतील तर घड्याळ बघूनच बसवा.

जेवण. शाकाहारी माणसाचे तिथं हाल होतात हे आधीच मान्य करा. बटाटा, पाव, लोणी, चीज, सॅलड. सूप घेतलं तर त्यात मासा किंवा हाडाचं पाणी असतं, विचारल्याशिवाय नको. सोलापूरहून येताना कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणायला सांगा, दोन्ही टिकतात आणि भाकरी कुस्करून गरम आमटीत टाकली की काम झालं. पण पेढे, खवा, घरचं तूप आणायला सांगू नका. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशानं आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. आमच्या पाहुण्यांचे पंढरपूरचे पेढे असेच गेले.

बाळेकर

दोघांचेही आभार! काल बाबांना फोनवर अण्णांचं वाचून दाखवलं. बदली माणसाचं ऐकून बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, बोकडाचं खोटं असणार.

त्यांना एक प्रश्न पडलाय. तिकडं शेळीच्या दुधाचं एक तपकिरी चीज असतं, ते म्हणे निवळी (दूध फाडल्यावर उरलेलं पाणी) आटवून करतात. बाबा म्हणतात, "आटवून? मग तो खवाच झाला की." आमचे मामा बार्शीकडं खव्याच्या धंद्यात होते, त्यामुळं दोघांच्या डोक्यात आता चक्र सुरू झालंय की आपल्या शेरडांच्या दुधाचं असं काही मोहोळला करता येईल का. अण्णा, खरं काय ते सांगा. आणि आईला हे चीज चालेल का? रेनेट नावाचं काहीतरी घालतात असं वाचलं.

शेरडंवाले अण्णा

बाबांनी बरोबर ओळखलं. बार्शी-भूमकडची खवा भट्टी बघितलेला माणूस ती कढई बघितली की हसतो. फरक दोन. खवा अख्ख्या दुधाचा, हे निवळीचं. आणि खवा लवकर उतरतो, हे तासन्‌तास आटतं.

आधी दूध कोमट करून विरजण आणि रेनेट घालतात, दही बांधल्यासारखं झालं की कापून पाणी काढतात. जो घट्ट भाग राहतो त्याचं पांढरं चीज. जे पाणी उरतं ती निवळी आपण फेकतो किंवा म्हशीला पाजतो. तिकडं ती कढईत जाते, त्यात थोडं शेळीचं दूध किंवा साय, आणि खाली आच. आठ-दहा तास. निवळीत दुधातली साखर असते, ती आटता आटता भाजल्यासारखी होते, रंग त्यानं येतो. रंग घातलेला नसतो. आच बंद केल्यावरही हात थांबवता येत नाही, गार होईपर्यंत घोटत राहावं लागतं, नाहीतर साखरेचे खडे धरून ते रवाळ होतं. मग साच्यात. चव गोड, खारट, आणि मागनं शेळीचा वास. हिला पहिल्या घासाला आवडलं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी पावावर स्वतःच घेतलं.

खायचं पातळ कापून. त्यासाठी मधे फट असलेलं उलथण्यासारखं हत्यार असतं, 1925 मध्ये लिलहामरच्या टोर ब्यॉर्कलुन नावाच्या सुतारानं पेटंट घेतलं त्याचं. एक घेऊन या, गाजर-काकडीलाही चालतं. दुकानात जे सगळीकडं मिळतं ते गुडब्रान्ड्सडाल नावाचं, गायीच्या आणि शेळीच्या दुधाचं मिसळ. ते 1863 मध्ये आन्ने होव या बाईंनी साय घालून पहिल्यांदा केलं असं सांगतात. निव्वळ शेळीचं हवं असेल तर "एक्ते येइतोस्त" लिहिलेलं बघा. उंड्रेडालमध्ये मिळतं ते शेळीचं. या चीजमध्ये साखर आणि स्निग्धांश एवढा असतो की 2013 च्या जानेवारीत उत्तरेकडं नार्विकजवळच्या एका बोगद्यात सुमारे 27 टन तपकिरी चीज घेऊन चाललेला ट्रक पेटला तर आग काही दिवस विझेना. बाबांना हे सांगा, ते बोगद्यात जागे राहतील.

आईंचं. रेनेट हे पूर्वीपासून दूध पिणाऱ्या करडाच्या किंवा वासराच्या पोटातल्या आवरणापासून काढतात. आता बुरशीपासून काढलेलंही वापरतात, पण कुठल्या डेअरीत काय घालतात ते तिथंच विचारावं लागतं. कडक माळकरी असतील तर विचारल्याशिवाय पांढरं नको. तपकिरीत नंतर रेनेट पडत नाही, पण ती निवळी रेनेटनं फाडलेल्या दुधाची, म्हणजे प्रश्न तोच. ठरवायचं त्यांनी. मी असतो तर न विचारता "चालतं हो" असं सांगून त्यांना खाऊ घातलं नसतं, एवढंच.

आता मोहोळला करायचं. माझं उत्तर नाही. कारण सांगतो.

दूध किती, हे आधी बघा. निवळी आटून मूठभर राहते, आणि बाबांच्या शेरडांचं करडं पाजून उरलेलं दूध घरच्या चहाला लागतं. जळण वेगळं. ते लोक एवढा वेळ आच ठेवतात कारण एकेकाळी डोंगरावर लाकूड फुकट होतं आणि आता किंमत तशी मिळते. आपल्याकडं शेळीचं दूध म्हटलं की निम्मी माणसं नाक मुरडतात, आणि उरलेली डेंग्यू झाल्यावरच विचारत येतात.

पण खरी अडचण पांढऱ्या चीजची आहे. उंड्रेडालचं पांढरं चीज कच्च्या दुधाचं करतात, न उकळता. ते त्यांना जमतं कारण मागं मोठं काम झालंय. 2001 पासून त्यांनी देशभर शेळ्यांचे कळप साफ करण्याचा कार्यक्रम घेतला. गाठी येणारा रोग, सांधे सुजवणारा विषाणू आणि आतड्यांचा जोन्स रोग, हे तीन. कसं केलं ऐका. शेळी वितानाच करडू हातात धरायचं, जमिनीला टेकू द्यायचं नाही, आईला चाटू द्यायचं नाही. वेगळ्या स्वच्छ गोठ्यात नेऊन गायीचा चीक पाजायचा. असा नवा कळप तयार झाला की जुना सगळा कापायचा, गोठा खरवडून धुवायचा, मग नवीन शेळ्या आत. हे एकेका शेतकऱ्यानं केलंय. मी हे ऐकलं तेव्हा मनात पहिली आली ती मंगळवेढ्याची एक म्हातारी, जिच्या शेळीच्या गळ्याची गाठ फोडून मी दरवर्षी आयोडीन भरायचो. तिला जाऊन सांगा, सगळ्या कापा म्हणून.

आपल्या शेळ्यांत ब्रुसेला आहे, जनावर गाभडवणारा आणि माणसालाही लागणारा जंतू. गाभडलेली शेळी हातानं सोडवून ताप धरलेली माणसं मी बघितलीत, आमच्या खात्यातलीही. त्यामुळं कच्च्या शेळीच्या दुधाचं चीज करायचा विचारसुद्धा नको. दूध उकळूनच प्यायचं, आणि उकळलेल्या दुधाचं ते चीज होत नाही. तापवून जंतू मारलेल्या दुधाचं करता येतं, पण त्याला तापमान धरणारं भांडं आणि परवाना, दोन्ही आलं.

मामांना शेळीच्या दुधाचा नुसता खवा करून बघायचा असेल तर खुशाल करा, तो उकळलेलाच असतो. घरी खा. धंद्याचं नाव काढू नका.

अजून एक, खास शेळीवाल्यांसाठी. त्यांचं दूधही आधी काही वाखाणण्यासारखं नव्हतं. त्यांच्या बऱ्याच शेळ्यांत दुधातलं एक प्रथिन जवळजवळ बनतच नाही असा जनुकीय दोष होता, त्यानं चीज कमी पडायचं आणि दुधाला खवट वास यायचा. मग फ्रान्सच्या अल्पाइन बोकडांचं वीर्य आणून, दोष नसलेले बोकड निवडून जात सुधारत नेली. आपल्याकडं गावाचा बोकड कोण, तर जो ईदला विकला गेला नाही तो.

पार्कचौक

अण्णा, शेवटच्या वाक्याला दंडवत.

बाळेकर, एवढं गेलाच आहात तर लेर्डाल पण करा. आउरलान्डहून लेर्डालचा बोगदा लागतो, 24.5 किलोमीटर, रस्त्याचा जगातला सगळ्यात लांब, 2000 मध्ये सुरू झाला. चालवणाऱ्याला झोप येऊ नये म्हणून आत तीन ठिकाणी निळ्या उजेडाच्या मोठ्या गुहा केल्यात. पलीकडं बाहेर आलात की गंमत बघा. बर्गनला तुम्ही वर्षभर छत्री घेऊन फिरता, आणि लेर्डालला वर्षाला पाऊस 500 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या सोलापूरपेक्षा कमीच. समुद्राकडून येणारे ढग मधल्या डोंगरांवर रिकामे होतात. आपलं आणि सह्याद्रीचं जे आहे तेच. तिथं पूर्वीपासून लाकडी पन्हळींनी वरच्या ओढ्याचं पाणी शेतात आणायचे, बटाटा त्यावर होतो. तुमच्या बाबांना चर्चपेक्षा ही पन्हळ दाखवा. चर्चच बघायचं तर बोरगुंडचं बघा, साधारण 1180 चं, काळं, एकावर एक छपरं असलेलं.

शेरडंवाले अण्णा

पार्कचौक, लेर्डाल बरोबर आहे, पण एका दिवसात दोन्ही कोंबू नका. गुडघ्याचा माणूस आहे.

बाळेकर

ठरलं. उंड्रेडालला मुक्काम, दुसऱ्या दिवशी ओटर्नेस आणि जमलं तर लेर्डाल. फ्लोमची रेल्वे आईला हवीय, ती वेगळ्या दिवशी वॉसहून. खोली मिळाली, भाव बाबांना सांगितला नाही. शेळ्यांच्या मालकाला लिहिलंय, वर स्टोलवर येऊ देतो म्हणाला, गाडी बऱ्यापैकी जवळ जाते. आई म्हणते चीज तुम्ही खा, मी भाकरी आणलीय.

शेरडंवाले अण्णा

वर जाणार असाल तर हे नीट वाचा, यात गंमत नाही.

बाबा मोहोळच्या गोठ्यातनं थेट विमानात बसणार. आपल्याकडं लाळ्या-खुरकूत आहे, पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा जीवघेणा साथरोग) आहे. नॉर्वेत दोन्ही नाहीत. बाबांच्या गोठ्यातल्या चपला, ते धोतर, ती काठी, काहीही बॅगेत येता कामा नये. निघायच्या आधी शेरडांचं काम दुसऱ्याकडं द्या. तिकडं उतरल्यावर निदान 48 तास कुठल्याही गोठ्याकडं जायचं नाही. तुम्ही आधी बर्गनला राहणार आहात म्हणजे ते होईलच, पण मालकाला स्वतःहून सांगा की वडील शेळीपालक आहेत आणि भारतातनं आलेत. तो बूट देईल, नाही दिले तर मागा. हात धुवा. तो नको म्हणाला तर कुंपणाबाहेरनं बघायचं, रुसायचं नाही.

आणि बाबांना आधीच सांगून ठेवा, शेळी जवळ आली की सवयीनं तिचं तोंड उघडून दात बघायचे नाहीत. तिथं कुणी विकायला उभं नाही.